गिरणगाव आणि कॅमेरा : छायाचित्रांखालच्या हरवलेल्या नावांचा शोध

मुंबईच्या इतिहासात १८५४ या वर्षाला दुहेरी महत्त्व आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी 'बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी'ची उभारणी याच वर्षी केली. ताडदेव येथील या पहिल्या कापड गिरणीतून १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्याच १८५४ सालच्या ऑक्टोबरमध्ये 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' ही संस्था स्थापन झाली. कोलकाता आणि मद्रास येथे अशा संस्था निघण्यास आणखी दोन वर्षे जावी लागली. थोडक्यात, गिरणी आणि कॅमेरा यांनी या शहरात जवळपास बरोबरीनेच पाऊल टाकले.

पुढील काळात गिरण्यांची संख्या वाढत गेली. १९०० च्या सुमारास शहरात ऐंशीच्या आसपास गिरण्या होत्या व त्यांत सत्तर हजारांहून अधिक माणसे राबत होती. छायाचित्रणाचाही तितक्याच वेगाने प्रसार झाला. व्हिक्टोरिया टर्मिनस, राजाबाई टॉवर, मलबार हिलवरील बंगले, गव्हर्नरांच्या मेजवान्या आणि संस्थानिकांचे दरबार यांची हजारो छायाचित्रे निघाली. परंतु ज्यांच्या श्रमावर या शहराची श्रीमंती उभी राहिली, त्या परळ-लालबागच्या कामगाराचे नाव-गावासह काढलेले छायाचित्र शोधू गेल्यास पहिली ऐंशी-नव्वद वर्षे जवळजवळ कोरीच आढळतात. तो छायाचित्रांत दिसत नाही असे नाही. तो दिसतो, पण कधी जातीचा नमुना म्हणून, कधी रोगाचा संशयित म्हणून, तर कधी गर्दीचा एक ठिपका म्हणून. चित्राखालच्या ओळीत त्याचे नाव नसते.

माणूस नव्हे, 'नमुना'

मुंबईतील छायाचित्रणाच्या आरंभकाळात विल्यम जॉन्सन हे नाव ठळकपणे समोर येते. फोटोग्राफिक सोसायटीच्या संस्थापक सदस्यांपैकी ते एक होते. विल्यम हेंडरसन यांच्या साहाय्याने त्यांनी १८५६ पासून 'द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' ही मासिक मालिका प्रसिद्ध केली. पश्चिम भारतातील लोकांचे पेहराव आणि व्यवसाय दाखविणारी छायाचित्रे हे या मालिकेचे एक प्रमुख अंग होते. त्यातूनच पुढे जॉन्सन यांचा 'द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे' हा दोन खंडांचा ग्रंथ आकाराला आला. गुजरात, कच्छ व काठियावाड येथील समाजांवरचा पहिला खंड १८६३ मध्ये, तर महाराष्ट्रावरचा दुसरा खंड १८६६ मध्ये प्रसिद्ध झाला.

या ग्रंथाच्या शीर्षकातच 'रहिवासी आणि पाहुणे' असा उल्लेख आहे. मुंबई हे बाहेरून आलेल्यांचे शहर आहे, ही जाणीव छायाचित्रकाराला होती, हे त्यावरून स्पष्ट होते. मात्र त्याची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. माणसांची छायाचित्रे एकीकडे काढली जात, ती कापून मुंबईतील एखाद्या रस्त्याच्या, देवळाच्या वा किनाऱ्याच्या वेगळ्या छायाचित्रावर चिकटवली जात आणि त्यावरून नवे चित्र तयार केले जाई. परिणामी चित्रातील माणूस जिथे उभा दिसतो, तिथे तो प्रत्यक्षात कधी उभा राहिला होता, असे मानता येत नाही. चित्राखाली जात किंवा जमात, सोबत चालीरीतींचे वर्णन आणि नाव मात्र नाही, अशी ही मांडणी होती.

ही केवळ एका छायाचित्रकाराची लकब नव्हती. जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी संपादित केलेला 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा प्रकल्प १८६८ ते १८७५ या काळात प्रसिद्ध झाला. त्यामागेही प्रजेची वर्गवारी करण्याची हीच राज्यकर्त्यांची दृष्टी होती. १८५७ च्या उठावानंतर राज्य करावयाच्या लोकांची ओळख पटवून घेणे सरकारला निकडीचे वाटू लागले होते. भायखळ्याच्या राणीच्या बागेतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात शहरातील निरनिराळ्या समाजांच्या व व्यावसायिकांच्या मातीच्या प्रतिकृती आहेत. त्या पाहिल्या म्हणजे 'नमुना' या कल्पनेची पकड किती घट्ट होती, याची कल्पना येते.

या काळात भारतीय छायाचित्रकार नव्हते, असा समज असल्यास तो चुकीचा ठरेल. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी या दोघांचाही फोटोग्राफिक सोसायटीशी संबंध होता व नारायण दाजी स्वतः निष्णात छायाचित्रकार होते. एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ मध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. पुढे हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारख्यांनी मुंबईत स्वतःचे स्टुडिओ थाटले. परंतु स्टुडिओत येणारा ग्राहक पैसेवाला होता. सूत काढणारा आणि साचे चालविणारा कामगार त्या पायऱ्या चढत नव्हता.

गिरणीच्या आत अंधार

गिरणीच्या आतील छायाचित्रे का निघाली नाहीत, याची काही कारणे तांत्रिक होती. त्या काळी काचेच्या ओल्या पट्टीवर छायाचित्र घेतले जाई. पट्टीवर रसायन चढविल्यापासून ती धुवून होईपर्यंत ती वाळू न देता सगळे काम उरकावे लागे, म्हणजे अंधारखोली सोबतच हवी. उजेड कमी असेल तर समोरच्या माणसाला कित्येक सेकंद निश्चल राहावे लागे. गिरणीत तर उजेड अपुरा, हवेत कापसाची कुसे तरंगत असलेली, यंत्रांच्या हादऱ्याने जमीन थरथरणारी आणि माणूस क्षणभरही स्वस्थ नाही. १८८० च्या दशकाच्या अखेरीस मॅग्नेशियमची पूड पेटवून लख्ख प्रकाश पाडण्याची युक्ती निघाली. पण जिथे एका ठिणगीने सारे खाते भस्मसात होण्याची भीती, तिथे ही युक्ती कोण वापरू देणार?

दुसरे कारण मात्र तांत्रिक नव्हते. गिरणीच्या फाटकावर मालकाची सत्ता होती. छायाचित्रकार आत जाई तो मालकाच्या परवानगीने. त्यामुळे चित्रात प्राधान्याने आली ती इमारत, धुराडे, नवी यंत्रे आणि व्यवस्थापक मंडळी. कामगार दिसलाच तर यंत्राचा आकार कळावा म्हणून बाजूला उभा केलेला.

त्या वेळी गिरणीत काय चालले होते, हे आपल्याला कळते ते छायाचित्रांतून नव्हे, तर चौकशी आयोगांच्या कागदांतून आणि कामगारांच्या अर्जांतून. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली सप्टेंबर १८८४ मध्ये कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. आठवड्याची एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, अपघात झाल्यास भरपाई अशा त्यातील मागण्या होत्या. रविवारची सुट्टी मिळण्यास १८९० उजाडले. १८८१ च्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. याचा अर्थ सात वर्षांचे मूल दिवसाचे नऊ तास राबणे कायदेशीर होते. अशा एखाद्या मुलाचे नाव-वयासह छायाचित्र काढण्याची मोहीम मात्र मुंबईत झाली नाही.

सातासमुद्रापार

अमेरिकेत तशी मोहीम झाली. तिची तुलना येथे उपयुक्त ठरते. जेकब रीस हा डेन्मार्कमधून आलेला स्थलांतरित न्यूयॉर्कमध्ये पोलीस वार्ताहर म्हणून काम करीत होता. स्थलांतरितांच्या कोंदट चाळींत रात्री शिरून, मॅग्नेशियमच्या प्रकाशात त्याने छायाचित्रे घेतली. हा उद्योग करताना एकदोनदा आगही लागली. त्याचे 'हाउ द अदर हाफ लिव्ह्ज' हे पुस्तक १८९० मध्ये प्रसिद्ध झाले आणि न्यूयॉर्कमधील घरबांधणीच्या नियमांवरील चर्चेला त्याने जोर दिला. रीसची दृष्टी निर्दोष नव्हती. निरनिराळ्या देशांतून आलेल्यांविषयी त्याने ठोकळेबाज विधाने केली आहेत, आणि त्याच्याही चित्रांतील बहुतेक माणसे निनावी आहेत.

लुईस हाइन याने त्यापुढचे पाऊल टाकले. १९०४ पासून त्याने एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांची छायाचित्रे घेतली. १९०८ पासून 'नॅशनल चाइल्ड लेबर कमिटी'साठी तो खाणी, काच कारखाने आणि कापड गिरण्यांत फिरला. मालक आत येऊ देत नसत, म्हणून तो कधी विमा एजंट, तर कधी बायबल विकणारा बनून जाई. कोटाच्या गुंड्यांच्या उंचीवरून तो मुलांची उंची मापी आणि खिशातल्या वहीत नाव, वय, कामाचे तास व मजुरी टिपून घेई. हाइनच्या छायाचित्रांची खरी ताकद या टिपणांत होती. चित्र पाहून हळहळणाऱ्याला पुढे नाव, वय आणि गिरणीचे ठिकाण वाचावे लागे. त्यामुळे 'असे काही होतच नाही' असे म्हणण्याची सोय राहत नसे. अमेरिकेत बालमजुरीवर देशव्यापी बंधने घालणारा टिकाऊ कायदा होण्यास १९३८ साल उजाडले, पण तोवर पुरावा जमा झालेला होता.

मुंबईत 'सोशल सर्व्हिस लीग' ही ना. म. जोशी यांची संस्था १९११ मध्ये सुरू झाली. रात्रशाळा, फिरती वाचनालये, चाळींतून पडद्यावर चित्रे दाखवून दिलेली व्याख्याने असे तिचे कार्य होते. गिरणगावचा कामगार चित्रे पाहू लागला होता. त्याचे स्वतःचे चित्र मात्र अद्याप निघावयाचे होते.

प्लेगच्या काळातील कॅमेरा

गिरणगावातील कष्टकऱ्यांच्या वस्त्यांत कॅमेरा मोठ्या प्रमाणात शिरला तो एका संकटाच्या निमित्ताने. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पाहता पाहता साथ शहरभर पसरली आणि लोक गाठोडी बांधून गावाकडे पळू लागले. १८९१ च्या जनगणनेत ८,२१,७६४ असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ पर्यंत खाली आली.

मार्च १८९७ मध्ये जनरल गेटकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. तिच्या कामाची चित्रमय नोंद कॅप्टन सी. मॉस यांच्या छायाचित्रांच्या 'प्लेग व्हिजिटेशन, बॉम्बे, १८९६-९७' या अल्बममध्ये आहे. घरांची झडती घेणारी पथके, बंबांनी धुऊन काढल्या जाणाऱ्या खोल्या, रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची तपासणी, रुग्णालयांतील खाटा आणि विलगीकरणाच्या छावण्या यांची ही छायाचित्रे आहेत. राहण्यास अयोग्य ठरविलेल्या घरांवर 'यू. एच. एच.' ही इंग्रजी अक्षरे रंगवली जात आणि उजेड यावा म्हणून छपरे उघडी केली जात.

गरिबांच्या घरांचे आतून दर्शन घडविणारी मुंबईतील ही सुरुवातीची मोठी चित्रमाला म्हणावी लागेल. तरीही ती राहणाऱ्यांची कहाणी सांगत नाही. ती समितीने केलेल्या कामाचा अहवाल देते. छायाचित्रांत अधिकारी मध्यभागी, ऐटीत उभे आहेत आणि घरातील माणसे कडेला, दारापाशी, अंग चोरून उभी आहेत. या साथीनंतर १८९८ मध्ये 'सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला, पुढे १९२० मध्ये 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' आले आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे बीडीडीच्या २०७ चाळी उभ्या राहिल्या. १९२१ च्या जनगणनेनुसार मुंबईतील ८४ टक्के रहिवासी शहराबाहेर जन्मलेले होते. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सहाशेहूनही कमी होती. हे शहर वस्तुतः घरापासून तुटलेल्या पुरुषांचे शहर होते.

पडद्यावर आलेला शेतकरी

या तुटलेपणाची कहाणी छायाचित्रांआधी चित्रपटाने सांगितली, ही मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी बाब आहे. मुंबईतील छायाचित्रकार हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डन येथील कुस्तीचे चलच्चित्र घेतले. भारतीयाने केलेल्या वास्तवदर्शी चित्रणाचा तो आरंभ मानला जातो. त्यानंतर पाव शतकाने, १९२५ मध्ये, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. सावकाराच्या फसवणुकीमुळे जमीन गमावलेला आणि शहरात जाऊन गिरणी कामगार बनलेला शेतकरी त्यात होता. ही भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती.

१९३४ मध्ये मोहन भवनानी यांचा 'मिल' अर्थात 'मजदूर' हा बोलपट आला. त्याची कथा मुन्शी प्रेमचंद यांची होती. गिरणीतील संघर्ष दाखविणाऱ्या या चित्रपटावर मुंबईत बंदी घातली गेली. ज्या शहराची ही कहाणी, त्या शहरातच ती दाखविता येऊ नये, यावरून कामगाराच्या प्रतिमेचे भय किती होते, हे लक्षात येते.

पंचवीस जणांचे छायाचित्र

एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ या काळात मुंबईतील सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप केला. त्यातूनच लाल बावट्याची 'गिरणी कामगार युनियन' बळकट झाली. मार्च १९२९ मध्ये सरकारने देशभरातील कामगार पुढाऱ्यांना अटक करून मीरत येथे कटाचा खटला भरला.

या खटल्यातील पंचवीस आरोपींचे तुरुंगाबाहेर घेतलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. तीन रांगांत बसलेल्या-उभ्या असलेल्या प्रत्येकाचे नाव त्याखाली दिले जाते. श्रीपाद अमृत डांगे, एस. एस. मिरजकर, आर. एस. निंबकर, के. एन. जोगळेकर, स. वि. घाटे ही मुंबईच्या चळवळीतील मंडळी त्यात आहेत. मात्र आरोपींपैकी जे दोघे स्वतः गिरणी कामगार होते, ते अर्जुन आत्माराम आळवे आणि गो. रा. कासले, या पंचविसांच्या नामावळीत नाहीत. आळवे हे गिरणी कामगार युनियनचे अध्यक्ष होते. कामगारांच्या लढ्याच्या सर्वांत गाजलेल्या छायाचित्रात खुद्द गिरणी कामगार नसावा, हा योगायोग असला तरी बोलका आहे.

याच छायाचित्रात एक विद्यार्थी वयाचा तरुण आहे. त्याचे नाव पूरणचंद जोशी. कॅमेऱ्याचा रोख बदलण्यात पुढे त्याचाच मोठा वाटा असणार होता.

गिरगावातील कम्यून आणि सुनील जाना

पूरणचंद जोशी १९३५ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झाले. १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा सुनील जाना या कोलकात्याच्या तरुणाला त्यांनी इंग्रजी साहित्याचा अभ्यास सोडून कॅमेरा घेऊन सोबत येण्याची गळ घातली. जाना यांचा जन्म १९१८ चा, आसाममधील दिब्रुगडचा. दुष्काळाची त्यांनी काढलेली छायाचित्रे पक्षाच्या 'पीपल्स वॉर' या मुखपत्रात छापून आली आणि देश हादरला. त्यानंतर जाना मुंबईत आले व गिरगाव परिसरात सँडहर्स्ट रोडवरील 'राजभुवन' या पक्षाच्या मुख्यालयात, कार्यकर्त्यांच्या कम्यूनमध्ये राहू लागले. लालबाग-परळ तेथून हाकेच्या अंतरावर होते.

जाना यांच्या चित्रांतील कामगार, खाणमजूर, शेतकरी आणि आदिवासी खाली मान घालून उभे नाहीत. कॅमेरा बहुधा त्यांच्या नजरेच्या पातळीवर किंवा किंचित खाली असतो, त्यामुळे ते आकाशाच्या पार्श्वभूमीवर ताठ दिसतात. ही शैली पक्षाच्या प्रचाराची होती हे खरे, आणि काही चित्रांत माणसाचे रूपांतर पुन्हा एका 'नमुन्यात', आदर्श श्रमिकात, होते हेही खरे. परंतु जाती-जमातीचा नमुना आणि स्वतःच्या हक्कासाठी उभा राहिलेला माणूस, यांतील अंतर कमी लेखता येणार नाही. 'लाइफ' मासिकाच्या विख्यात छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट भारतात आल्या तेव्हा दोघांनी सोबत प्रवास करून काम केले. १९४७ नंतर जाना कोलकात्यास परतले. २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झाले आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांचे अमेरिकेत निधन झाले.

जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनीही १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतील दैनंदिन जीवनाची छायाचित्रे काढली. त्यांतील काही त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. चित्राखालचे नाव हरवण्याचा प्रकार कॅमेऱ्याच्या मागे उभ्या असलेल्या स्त्रीच्या बाबतीतही घडत होता.

जे चित्रात दिसत नाही

छायाचित्र हा पुरावा असला तरी तो अपुरा पुरावा असतो. गिरणीतील विणकाम खात्यात म्हणजे साचेखात्यात मजुरी अधिक मिळे, पण तेथे दलित कामगारांना प्रवेश नाकारला जाई. धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागत असल्याने विटाळाची सबब पुढे केली जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे मांडला. साचेखात्याचे छायाचित्र पाहिले तर त्यात साचे दिसतील, साचेवाले दिसतील, पण दाराबाहेर कोणाला ठेवले आहे, हे दिसणार नाही. त्याचप्रमाणे रिळे भरणाऱ्या स्त्रियांवर देखरेख करणारी नायकीण, रोज सकाळी फाटकावर काम मिळेल या आशेने उभा राहणारा बदली कामगार, खानावळ चालवून वीस-पंचवीस जणांना जेवू घालणारी बाई, यांचे व्यवहार शब्दांत सांगितल्याशिवाय चित्रातून उमगत नाहीत.

नाव नसण्याचा परिणाम काय होतो, याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतलेच आहे. डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये काढलेले 'मायग्रंट मदर' हे मंदीच्या काळातील छायाचित्र सर्वत्र पोहोचले. पण त्या मातेचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन आहे, हे जगाला १९७८ मध्ये, बेचाळीस वर्षांनी कळले. चेहरा जगाच्या ओळखीचा आणि बाई अनोळखी, अशी ही स्थिती होती.

चाकरमान्याचा स्वतःचा फोटो

एक छायाचित्रसंग्रह मात्र असा आहे, ज्यात प्रत्येक माणसाला नाव आहे. तो कोणत्याही संग्रहालयात नाही. तो रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूरच्या घरांतील भिंतींवर आणि लालबाग-परळच्या खोल्यांतील पत्र्याच्या ट्रंकांत आहे.

छायाचित्रण स्वस्त झाले तसा गिरणी कामगारही स्टुडिओत जाऊ लागला. रंगवलेल्या पडद्यासमोर, हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून, केस चापून बसवून काढलेला फोटो गावी धाडला जाई. मनीऑर्डर दर महिन्याला जाई, फोटो एखाद्याच वर्षी. गावकीच्या खोलीत एकत्र राहणाऱ्यांचा समूह, भजनी मंडळ, नाटक कंपनी, व्यायामशाळा, गणेशोत्सव मंडळ, युनियनची गेट कमिटी यांचे सामूहिक फोटो निघत. या चित्रांत कामगार यंत्राशेजारी नाही, त्याच्या अंगावर कापसाची कुसे नाहीत. आपण कसे दिसावे, हे येथे त्याने स्वतः ठरविले आहे. जॉन्सनने त्याला निवडलेल्या पार्श्वभूमीवर चिकटवले होते. येथेही पडद्यावरची बाग खोटीच आहे, पण ती त्याच्या पसंतीची आहे.

संपानंतर

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो औपचारिकपणे कधी मागे घेतला गेला नाही. एकामागून एक गिरण्या थंडावल्या. वृत्तपत्रांतून मोर्चे आणि सभांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली, पण त्यांतही दिसला तो जनसमुदाय. गिरण्या बंद पडू लागल्यावर मात्र कॅमेरे आत शिरले. आनंद पटवर्धन यांचा 'ऑक्युपेशन : मिलवर्कर' हा माहितीपट १९९६ चा. बंद गिरणीचा ताबा घेऊन ती सुरू करू पाहणाऱ्या न्यू ग्रेट ईस्टर्न मिलच्या कामगारांची ही नोंद आहे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांच्या मुलाखतींतून सिद्ध केलेला 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' हा ग्रंथ २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. गिरणगावची कहाणी तेथे कामगारांच्या तोंडून येते.

सुधारक ओलवे यांनी हीच परंपरा वेगळ्या क्षेत्रात पुढे नेली. महापालिकेच्या सफाई कामगारांची त्यांनी वर्षानुवर्षे छायाचित्रे काढली. गटारात उतरलेला माणूस आणि त्याच माणसाचे घर, बायको, मुले असे दोन्ही त्यांच्या चित्रांत येते. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे उभे राहिले. फिनिक्स मिल, कमला मिल ही नावे नव्या पिढीला खरेदीची आणि खाण्यापिण्याची ठिकाणे म्हणून परिचित आहेत. जून २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची पहिली सोडत काढली, तेव्हा कामगारांना आणि त्यांच्या वारसांना गिरणीतील नोकरीचे पुरावे शोधण्यासाठी जुन्या ट्रंका उघडाव्या लागल्या. ज्या माणसाने तीस वर्षे या शहरात सूत कातले, त्याला आपण येथे होतो हे कागदाने सिद्ध करावे लागले. नाव नोंदलेले असणे ही केवळ भावनेची बाब नसते, हे त्या रांगांनी दाखवून दिले.

पेन्सिलीने लिहिलेली ओळ

१९८२ मध्ये पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या आसपास आहे. जुन्या सामूहिक फोटोत दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथा कोण, हे सांगू शकणारी माणसे झपाट्याने कमी होत आहेत. ती गेली की त्या छायाचित्राची अवस्था जॉन्सनच्या अल्बमसारखी होईल. पेहराव दिसेल, काळाचा अंदाज बांधता येईल, माणूस मात्र हरवलेला असेल.

अशी छायाचित्रे जपण्याचे उपाय साधे आहेत. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, दाब न देता, व्यक्तीचे नाव, गाव, गिरणी, खाते आणि अंदाजे वर्ष लिहावे. बॉलपेन किंवा शाईचे पेन वापरू नये, कारण त्याचा वळ वा डाग पुढच्या बाजूस उमटतो. फोटो चिकट पानांच्या अल्बममध्ये न ठेवता कोरड्या जागी, प्रत्येकाच्या मध्ये साधा कागद घालून ठेवावा. मोबाइलवर प्रत काढताना फोटोची मागची बाजूही टिपावी, कारण त्यावर अनेकदा स्टुडिओचा शिक्का आणि तारीख असते. घरातील ज्येष्ठांना समोर बसवून चेहऱ्यांची नावे एकदा विचारून घ्यावीत.

लुईस हाइन शंभराहून अधिक वर्षांपूर्वी खिशातील वहीत जे करीत होता, तेच हे काम आहे. गिरणगावात ते परक्या छायाचित्रकाराने केले नाही. ते करण्याची संधी अजूनही त्या माणसांच्या मुला-नातवंडांच्या हातात आहे.